कटिंगभर तेल: ट्रकवरील रॉकेट प्रक्षेपकाच्या जॅकचे एक प्रकरण

भांडुप पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गापासून थोडे आत असलेल्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात, एका ऑक्टोबर महिन्यात चार हायड्रॉलिक जॅक रात्रीतून आठ मिलिमीटर खाली बसले. जॅक ट्रकवर बसवायच्या बहुनळी रॉकेट प्रक्षेपकासाठी होते आणि मागणी देणाऱ्या कंपनीने घातलेली मर्यादा आठ तासांत दीड मिलिमीटरची होती. या फरकाचा हिशेब लागेपर्यंत कारखान्याचे पाच आठवडे, सील किटचे (तेल अडवणाऱ्या कड्यांचे) चार संच, तेल कोंडून ठेवणारे दोन लॉक व्हॉल्व्ह आणि एका टर्नरचा स्वाभिमान खर्ची पडला. हायड्रॉलिक यंत्रांच्या चाचणीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून मालकांनी मला तिसऱ्या आठवड्यात सल्ल्यासाठी बोलावले. पुढील टिपण त्यांच्या संमतीने, सर्व नावे गाळून लिहिले आहे.

प्रथम यंत्राविषयी. भारतीय तोफखान्यातील या वर्गाची सर्वपरिचित प्रणाली म्हणजे पिनाक. शिवधनुष्याचे नाव घेतलेल्या या प्रणालीला डिसेंबर १९८६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा तिच्यासाठी २६.४७ कोटी रुपयांची तरतूद होती. प्रक्षेपक आणि रॉकेट यांची आखणी मुख्यतः पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाली. १९९९ च्या कारगिल युद्धात ती प्रथम आघाडीवर गेली आणि २००० साली तिची पहिली रेजिमेंट उभी राहिली. आठ चाकांच्या टाट्रा ट्रकवर सहा-सहा नळ्यांचे दोन संच, नळीचा व्यास २१४ मिलिमीटर, बाराही रॉकेटे ४४ सेकंदांत बाहेर, आणि मूळ रॉकेटचा पल्ला सुमारे साडेसदतीस किलोमीटर. तोफखान्याच्या एका तुकडीत, म्हणजे बॅटरीत, असे सहा प्रक्षेपक असतात, म्हणजे पाऊण मिनिटात ७२ रॉकेटे. प्रत्येकाच्या तोंडाशी सुमारे शंभर किलोचे स्फोटकशीर्ष धरले तर सात टनांहून अधिक भार त्या वेळात पलीकडे जाऊन पडतो.

मुंबईचा या विषयाशी संबंध जुना आहे. १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी याच शहरात सुरू केलेली लार्सन अँड टुब्रो आणि टाटा पॉवर या दोन कंपन्यांना मार्च २००६ मध्ये प्रत्येकी ४० पिनाक प्रक्षेपक बांधण्याचे काम मिळाले. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सहा रेजिमेंटसाठी सुमारे २,५८० कोटी रुपयांचे करार झाले, त्यांत याच दोघांकडून ११४ प्रक्षेपक व ४५ नियंत्रण वाहने आणि बीईएमएल या सरकारी कंपनीकडून ३३० ट्रक घ्यायचे ठरले. मात्र येथे वर्णन केलेली मागणी या तिघांपैकी कोणाचीही नव्हती आणि जॅकही पिनाकचे नव्हते. मुंबईबाहेरची एक कंपनी त्याच वर्गातील एक प्रायोगिक वाहन उभे करत होती, तिचे हे काम होते. त्या वाहनाचे आकडे देणे उचित नाही. म्हणून जेथे आकड्यांची गरज पडली तेथे पिनाकचे सर्वज्ञात आकडे घेतले आहेत.

जॅक कशासाठी

तोफेचा धक्का सर्वांना ठाऊक असतो. रॉकेटची नळी मागून उघडी असते, त्यामुळे तसा धक्का तिला बसत नाही, आणि म्हणूनच तोफेच्या मानाने हलक्या वाहनावर बारा नळ्या मांडता येतात. परंतु धक्का नाही म्हणजे हालचाल नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. रॉकेट नळीतून सरकताना घासते, बाहेर पडताच त्याच्या शेपटाचा जळता झोत नळ्यांच्या तोंडावर आणि वाहनावर आदळतो, आणि सुमारे पावणेतीनशे किलोचे एक रॉकेट वाहनावरून कमी होते. बारा रॉकेटांचे मिळून ३,३०० किलोंच्या आसपास वजन ४४ सेकंदांत उतरते. दोन रॉकेटांमधले अंतर चार सेकंदांचे; तेवढ्या वेळात पहिल्याने दिलेला झोका शमला नाही, तर दुसरे रॉकेट त्या झोक्यासकट निघते. ट्रकचे स्प्रिंग आणि हवेचे टायर हे झोके वाढवणारेच भाग आहेत. त्यांना वाटेतून दूर करण्यासाठी चार कोपऱ्यांना चार जॅक जमिनीवर टेकवून वाहन त्यांच्यावर उचलले जाते.

प्रत्येक प्रणालीने हे केलेच पाहिजे असेही नाही. साठीच्या दशकातील सोव्हिएत ग्राडला १२२ मिलिमीटरच्या चाळीस नळ्या आहेत, वीस सेकंदांत ती रिकामी होते आणि तिला जॅक नाहीत. वीस किलोमीटरच्या पल्ल्यावर भरपूर रॉकेटे एका मोठ्या क्षेत्रावर विखरून टाकायची, हेच तिचे काम असल्यामुळे थोडा झोका तिच्या हिशेबात बसतो. अमेरिकेच्या हायमार्सलाही जॅक नाहीत, पण तेथे कारण उलटे आहे: तिची रॉकेटे उपग्रहांवरून स्वतःचे स्थान ओळखून वाटेत दिशा सुधारून घेतात. जॅकची खरी गरज मधल्या जागी पडते, जेथे पल्ला लांब आहे आणि रॉकेट एकदा सुटले की त्याला सांगणारे कोणी नाही. पिनाकच्या मूळ रॉकेटची जागा तीच. दिशा सुधारून घेणारे, पंचाहत्तर किलोमीटरपर्यंत जाणारे पिनाक त्यानंतर आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या पडताळणी-चाचण्या पूर्ण झाल्या. या प्रकरणातले प्रायोगिक वाहन दोन्ही प्रकारची रॉकेटे सोडणारे असावे अशी अपेक्षा होती, म्हणून जॅकची अट कडक ठेवली होती. कडक असणे समजण्यासारखे होते. ती कशाविषयी कडक असावी, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नव्हता.

आठ मिलिमीटर

कारखाना तसा लहान. मालकांच्या आजोबांनी गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करण्यासाठी तो सुरू केला. गिरण्या गेल्यावर वडिलांनी क्रेन आणि डंपरचे हायड्रॉलिक सिलिंडर करायला घेतले. आता नातू संरक्षण क्षेत्रात पाय रोवू पाहत होते. होनिंग केलेला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेला, बॅरल, क्रोमचा रॉड, बाहेरून आणलेली सील, आणि प्रत्येक जॅकच्या तळाशी एक लॉक व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाचा दाब गेला तरी तेल आत कोंडून ठेवणारी झडप, अशी रचना होती. पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर आणि चाचणीच्या वेळी पिस्टनखालच्या तेलाच्या स्तंभाची उंची ५०० मिलिमीटर. आवारात जुन्या डंपरचा सांगाडा उभा करून त्यावर लोखंडी वजने रचली होती, एकूण वीस टन. त्यामुळे प्रत्येक जॅकच्या वाट्याला पाच टन येत होते आणि आत साधारण ६२ बारचा दाब उभा राहत होता.

अटीप्रमाणे प्रथम जॅक शंभर वेळा वर-खाली करायचे, मग सांगाडा उचलून झडपा बंद करायच्या आणि जॅक किती खाली आला हे दाखवणारा डायल आठ तासांनी वाचायचा. दुसऱ्या पाळीत वर-खाली संपले, रात्री दहाला सांगाडा उचलला गेला, आणि सकाळी सहाला रस्त्याकडच्या दोन जॅकचे डायल आठ मिलिमीटर खाली, तर शेडच्या भिंतीकडच्या दोघांचे साडेसहा मिलिमीटर खाली होते. कंपनीच्या निरीक्षकांनी त्याच दिवशी माल नाकारल्याचे पत्र पाठवले आणि त्यात कारण म्हणून ‘आंतरिक गळती’ असे दोन शब्द लिहिले.

ते दोन शब्द या प्रकरणात सर्वांत महाग पडले. जॅक बसला म्हणजे तेल गळले, ही समजूत आमच्या धंद्यात इतकी मुरलेली आहे की ‘बसणे’ आणि ‘गळणे’ ही क्रियापदे कारागीर एकमेकांच्या जागी वापरतात. पत्र आल्यावर कारखान्याने चारही जॅक उघडले आणि सील बदलले. पुन्हा चाचणी झाली, पुन्हा आठ. मग संशय बॅरलवर गेला. होनिंग ज्याच्याकडून करून घेतले त्याला बोलावून चार शब्द सुनावले गेले आणि पिस्टनच्या खाचा ज्याने कापल्या त्या टर्नरला सहा जणांदेखत विचारणा झाली. त्याने सूक्ष्ममापक काढून प्रत्येक खाच मोजून दाखवली, सर्व मापे आराखड्यात होती, आणि तो दोन दिवस कामावर आला नाही. नंतर दोन लॉक व्हॉल्व्ह बदलून दुसऱ्या बनावटीचे बसवले. आकडा साडेसात झाला, त्यामुळे सर्वांना वाटले की वाट सापडली. खरे म्हणजे त्या रात्री आदल्या पावसामुळे हवा आधीच थंड होती आणि दुसऱ्या पाळीला वर-खाली करताना तेल तितके तापलेच नव्हते. योगायोगाने मिळालेला सुधार हा पूर्ण अपयशापेक्षा अधिक दिशाभूल करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मी गेलो तेव्हा पहिले काम केले ते साध्या गुणाकाराचे. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. तो आठ मिलिमीटर खाली आला म्हणजे त्याच्या खालून ६३ मिलिलिटर तेल नाहीसे झाले. कँटीनमधल्या कटिंग चहाच्या ग्लासात साधारण तेवढेच मावते. तेव्हा मी तो ग्लास टेबलावर ठेवून विचारले की प्रत्येक जॅकमागे एवढे तेल कुठे आहे ते दाखवा. पिस्टनच्या सीलमधून वर गेले असेल तर वरच्या बाजूची नळी उघडी ठेवल्यावर तिच्यातून ट्रेमध्ये पडले पाहिजे. झडपेतून गेले असेल तर टाकीकडच्या नळीत आले पाहिजे. रॉडच्या सीलमधून गेले असेल तर रॉड ओला दिसला पाहिजे. त्या रात्री तिन्ही ठिकाणी ट्रे लावले, शिवाय तळाच्या तोंडावर थेट एक कॉक लावून झडपेला चाचणीतून पूर्णपणे वगळले. सकाळी जॅक आठ मिलिमीटर बसलेले होते आणि ट्रे कोरडे होते. एका ट्रेमध्ये दोन थेंब होते, ते माझ्या हातून सांडलेले.

या टप्प्यावर मला उत्तर कळायला हवे होते. कळले नाही, आणि ते सांगितले पाहिजे. डायल ज्या कांबीवर बांधले होते ती खचत असावी असा माझा तर्क झाला आणि दोन दिवस मी त्या कांबीच्या मागे घालवले.

खंडेनवमी

उत्तर मिळाले ते कारखाना बंद असताना. खंडेनवमीच्या आदल्या रात्री सांगाडा नेहमीसारखा उचलून ठेवला होता. नवमीला यंत्रांची पूजा, दुसऱ्या दिवशी दसरा, त्यामुळे दोन दिवस पंप चालणार नव्हता. पूजेची मांडणी करायला कारखान्यातले सर्वांत जुने फिटर, ज्यांना मालकांसकट सगळे काका म्हणतात, नवमीच्या सकाळी सहाला आले. त्यांनी सवयीने डायल वाचले, ते आठ आणि साडेसहाच्या आसपास खाली होते, आणि वहीत लिहिले. पॉवर पॅकला, म्हणजे पंपाच्या संचाला, झेंडूची माळ घातली, लेथ पुसले, पूजा झाली. साडेअकराला निघताना त्यांनी पुन्हा डायलकडे पाहिले आणि मालकांना हाक मारली.

“दादा, डायल उलटा फिरलाय. जॅक वर चढलाय.”

“काका, माळ घालताना धक्का लागला असेल.”

“धक्का लागला असता तर एकाला लागला असता. रस्त्याकडचे दोन्ही दोन-दोन चढलेत, भिंतीकडचे अर्ध्यावर आहेत. आणि पंपाची कळ तर मी स्वतः बंद केली आहे, तुमच्यासमोर.”

मालकांनी मला फोन केला तेव्हा मी घरी आपट्याची पाने आणायला निघालो होतो, ती राहून गेली. गळणारा जॅक खाली जातो, अडकलेला जॅक जागेवर राहतो. पण बंद पंपावर, पाच टनांच्या भाराखाली, वर चढणारा जॅक गळतीच्या कोणत्याही सिद्धांतात बसत नाही. भार उचलायला काहीतरी वाढावे लागते, आणि त्या कोंडलेल्या नळीत वाढण्याजोगे फक्त तेल होते. रस्त्याची बाजू पूर्वेची. सकाळचे ऊन तिकडच्या दोन बॅरलवर सरळ पडत होते आणि मुंबईची ऑक्टोबरची उष्णता जी काय असते ती आपण सारे जाणतो.

पुढचे गणित दोन ओळींचे आहे. अशा यंत्रांतले खनिज तेल तापमानाच्या प्रत्येक अंशाला आपल्या आकारमानाच्या दहा हजारांत सुमारे सात भाग वाढते किंवा आकसते. पोलादाचा बॅरलही थोडा आकसतो, ते वजा केले तर ५०० मिलिमीटरच्या स्तंभामागे दर अंशाला ०.३३ मिलिमीटर उरतात. शंभर वेळा वर-खाली केल्यावर तेल ५० अंशांना पोहोचत होते आणि सकाळी सहाला रस्त्याकडचे बॅरल २६ अंशांवर येत होते. चोवीस अंशांचे आठ मिलिमीटर होतात. भिंतीकडच्या दोन जॅकशेजारी, शेडच्या आत, हवेचा कॉम्प्रेसर आणि दिवसभर तापलेली भिंत होती, तेथे सकाळी ३० अंश भरत. वीस अंशांचे साडेसहा मिलिमीटर. कटिंगभर तेल कुठेही गेलेले नव्हते. ते नळीतच होते, फक्त आकसलेले.

त्यानंतर पडताळा घेणे सोपे होते. तेल एक पूर्ण दिवस थंड होऊ दिले, वर-खाली न करता एकदाच सांगाडा उचलला, चारही बॅरलना तापमानाचे काटे चिकटवले आणि रात्री दहा ते सकाळी सहा वाचन घेतले. हवा २९ अंशांवरून २५ वर आली, जॅक सव्वा मिलिमीटर बसले, आणि तापमानाचा वाटा वजा केल्यावर गळतीच्या नावाने लिहिण्यासारखे काही राहिले नाही. म्हणजे पहिल्या दिवशीचे सील, पहिल्या दिवशीच्या झडपा आणि टर्नरच्या खाचा, तिन्ही ठीक होत्या. मालकांनी टर्नरच्या घरी, कळव्याला, स्वतः जाऊन ते सांगितले.

मोजमाप कशाचे

येथे प्रकरण संपले असते, पण कंपनीच्या निरीक्षकांचे म्हणणे वेगळे होते, आणि ते अगदी निराधार नव्हते. कारण काहीही असो, त्यांनी लिहिले, जॅक बसतो हे खरे. वाहन युद्धक्षेत्रात उभे असताना तेल आकसले तर नेम बिघडणारच. उन्हा-सावलीचा फरक तर प्रत्येक मैदानात असतो. तेव्हा जॅकवर रॉड पकडून ठेवणारी यांत्रिक नट बसवावी, म्हणजे भार तेलाऐवजी पोलादावर येईल.

नटचा उपाय यंत्रशास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे. पोलाद दर अंशाला तेलाच्या तुलनेत नगण्य आकसते, ५०० मिलिमीटरमागे दहा अंशांना सहा शतांश मिलिमीटर. उभ्या क्रेनला किंवा महिनोन्महिने टेकू देऊन ठेवलेल्या वाहनाला मीही तोच सुचवला असता. पण प्रक्षेपकाला वेळ नसतो. डागलेल्या रॉकेटचा मार्ग पाहून ते कुठून सुटले हे शोधून काढणारे रडार आज अनेक सैन्यांकडे आहेत. भारतीय लष्कराकडचे स्वाती हे त्याच कामाचे. रॉकेट उडताच जागा उघडी पडते आणि उत्तर येण्याआधी वाहनाने तेथून निघालेले असले पाहिजे. चार कोपऱ्यांना फिरून चार नट आवळायच्या आणि जाताना पुन्हा सैल करायच्या, हा वेळ नेमका तेथे जातो जेथे तो परवडत नाही. शिवाय नट खाली येणे थांबवते, वर चढणे थांबवत नाही. काकांनी पाहिलेला प्रकार तिच्यासहही घडला असता.

म्हणून आम्ही नेम किती बिघडतो हेच मोजायला घेतले. नळ्या ४५ अंशांवर उचललेल्या असताना वाहन जितके एका कुशीवर कलते, जवळजवळ तितकीच दिशा चुकते. डाव्या-उजव्या जॅकमधले अंतर अडीच मीटर धरले तर नवमीच्या सकाळचा दीड मिलिमीटरचा फरक मीटरमागे ०.६ मिलिमीटर कल देतो, आणि साडेसदतीस किलोमीटरवर त्याचे बावीस-तेवीस मीटर होतात. मार्गदर्शन नसलेल्या रॉकेटांचा पसारा या पल्ल्यावर काही शे मीटरांचा असतो. त्यात हे तेवीस मीटर दिसणारही नाहीत. तरी मी हा मुद्दा पुढे रेटला नाही. पसारा प्रत्येक रॉकेटला वेगळ्या दिशेला टाकतो, तर कलामुळे बाराही रॉकेटे एकाच बाजूला सरकतात. पहिली चूक संख्येने भरून निघते, दुसरी निघत नाही.

निर्णायक ठरले ते वेळेचे गणित. आजचे प्रक्षेपक आपला कल स्वतः मोजतात; २०२० च्या करारातले ११४ प्रक्षेपकही दिशा आणि स्थान आपोआप ठरवणाऱ्या यंत्रणेसह मागवले गेले होते. नळ्या रोखण्याच्या क्षणी वाहन जितके कललेले असेल तितके संगणक धरून चालतो. त्यामुळे वाहन सकाळपासून उभे असेल आणि दुपारपर्यंत जॅक तीन मिलिमीटर हलले असतील, तर त्या तीन मिलिमीटरचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते रोखल्यापासून शेवटचे रॉकेट सुटेपर्यंत जे हलेल त्याने, आणि हा अवधी मिनिटांचा आहे. गरम तेलाच्या सर्वांत वाईट रात्रीचेही वाचन आम्ही दर मिनिटाला घेतले होते. पहिल्या पाच मिनिटांत जॅक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा बसत होता. एक बाजू मुळीच बसली नाही आणि दुसरी तेवढी बसली असे वाईटात वाईट धरले तरी साडेसदतीस किलोमीटरवर पाच मीटर. प्रत्यक्ष मैदानात तर जॅक एकदाच बाहेर येतात, शंभर वेळा नाही, त्यामुळे तेल ५० अंशांना पोहोचण्याचे कारणही नाही. ते आमच्या चाचणीनेच तापवले होते.

आठ तास आणि दीड मिलिमीटर हे आकडे आले कुठून, असे मी निरीक्षकांना विचारले. अटीच्या भाषेवरून मला ती फिरत्या क्रेनच्या आउटरिगरसाठीच्या (तिला टेकू देणाऱ्या पायांसाठीच्या) जुन्या मसुद्यातून उचललेली वाटली. क्रेन बांधकामावर रात्रभर भार धरून उभी राहते, तेथे आठ तासांचा अर्थ लागतो. त्यांनी दुजोरा दिला नाही, नाकारलेही नाही. मला ते गृहस्थ आवडले. त्यांनी एक प्रतिप्रश्न असा विचारला, जो मी विचारायला हवा होता: रॉकेटांचे वजन उतरल्यावर जॅक किती वर येतो? हिशेब केला. ३,३०० किलो चार जॅकवर वाटले तर प्रत्येकातला दाब सुमारे दहा बारने उतरतो आणि तेलाचा स्तंभ दाब कमी झाल्यामुळे एक तृतीयांश मिलिमीटर फुगतो, म्हणजे पाच मिनिटांच्या थंडाव्याइतकाच, पण अवघ्या ४४ सेकंदांत. डाव्या संचातली सहा रॉकेटे आधी सोडली तर तो फुगवटा एकाच बाजूला होतो. जॅकच्या अटीत याचा उल्लेखही नव्हता.

नवी अट त्यामुळे तीन गोष्टींची झाली. चाचणीपूर्वी तेल हवेच्या तापमानाला आणायचे आणि चारही बॅरलचे तापमान डायलच्या शेजारच्या रकान्यात लिहायचे; गळती ठरवायची ती तापमानाचा वाटा वजा करून आणि ट्रेमधल्या तेलाने; आणि नेमासाठी मोजायचे ते पहिली दहा मिनिटे, त्यांतही डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. यांत्रिक नट वाहन दीर्घकाळ उभे करून ठेवण्यापुरती, ऐच्छिक म्हणून राहिली. कंपनीला लेखी मान्यता द्यायला आणखी दोन आठवडे लागले, आणि मान्यतेच्या पत्रात निरीक्षकांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली: ऊन कोणत्या बाजूला होते ते लिहावे.

जॅक डिसेंबरात रवाना झाले. चार सील किट आणि दोन व्हॉल्व्हच्या बिलावर ‘आंतरिक गळती’ या शीर्षाखाली खर्च टाकलेला आहे. कंपनी म्हणते गळती नव्हतीच, कारखाना म्हणतो तेच तर आम्ही म्हणतो आहोत, आणि बिल अजून दोन्हीकडे फिरते आहे.